दारूच्या छुप्या जाहिरातीविरुद्ध तक्रार: पुण्यात ती कुठे, कशी आणि कोणत्या क्रमाने करायची

सोडा, पाण्याची बाटली, ‘म्युझिक’ किंवा काचेचे ग्लास यांच्या नावाखाली दारूच्या ब्रँडचं होर्डिंग चौकात झळकलं की पुणेकर गप्प बसत नाही. तो अर्ज लिहितो. मग तो अर्ज या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरतो आणि दोन महिन्यांनी ‘सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं. असे अर्ज वाचून, दुरुस्त करून देण्याचं काम मी बऱ्याच वेळा करतो. चुका ठरलेल्या असतात: पुरावा अपुरा, पत्ता चुकीचा, आणि दोन पानं दारूच्या दुष्परिणामांवर. खालचा क्रम पाळलात तर निदान अर्ज परत येणार नाही.

## १. आधी प्रकार ओळखा

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच पुढचं सगळं बिघडतं. जाहिरात तीनपैकी कोणत्या खणात बसते ते ठरवा.

उघड जाहिरात. ‘बिअरवर एकावर एक मोफत’, ‘लेडीज नाईटला कॉकटेल फुकट’ असं लिहिलेला फलक, पत्रक किंवा रील. इथे आडपडदा नाहीच. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम २४ मध्ये मद्य घ्या असं आवाहन करणाऱ्या किंवा मद्य देऊ करणाऱ्या जाहिराती छापण्यावर, लावण्यावर आणि वाटण्यावर बंदी आहे. हा राज्याचा कायदा आहे आणि त्याचा धनी राज्य उत्पादन शुल्क विभाग.

आडून केलेली, म्हणजे सरोगेट जाहिरात. नाव सोड्याचं, बाकी सगळा थाट व्हिस्कीचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं ९ जून २०२२ ला अधिसूचित झाली. त्यांतलं सहावं तत्त्व फक्त याच विषयावर आहे. ज्या वस्तूच्या जाहिरातीवर कायद्याने बंदी किंवा बंधन आहे, तिची जाहिरात दुसऱ्या वस्तूच्या नावाने करता येत नाही. जाहिरात बंदी असलेल्या वस्तूकडे थेट किंवा आडवळणाने बोट दाखवत असेल, किंवा त्या वस्तूशी जोडलेलं ब्रँडचं नाव, चिन्ह, रंग, मांडणी वापरत असेल, तर ती सरोगेट धरली जाते. ही तत्त्वं होर्डिंग, टीव्ही, छापील, डिजिटल अशा सगळ्या माध्यमांना लागू आहेत.

नुसतं नाव सारखं. इथे बहुतेकांचा पाय घसरतो. त्याच तत्त्वाला एक परंतुक आहे: कंपनीचं किंवा ब्रँडचं नाव दारूलाही वापरलं जातं, एवढ्याच कारणाने जाहिरात सरोगेट ठरत नाही, बाकी काही आक्षेपार्ह नसेल तर. म्हणजे ‘हे दारूचं नाव आहे’ एवढ्यावर तुमचा अर्ज उभा असेल, तर समोरच्या वकिलाला फार घाम गाळावा लागणार नाही.

वाईन शॉपच्या किंवा परमिट रूमच्या नुसत्या नावाच्या पाटीवर तक्रार करण्यात वेळ घालवू नका. पाटीशेजारी सवलतीचा फलक टांगला असेल तर तो मुद्दा. दुकानाला महापुरुषाचं किंवा गडकिल्ल्याचं नाव दिलंय, पाटी मराठीत नाही, या तक्रारी वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या खात्याकडे जातात. त्या याच अर्जात कोंबू नका.

> तपासा: ‘ही जाहिरात अमुक प्रकारची आहे, कारण…’ हे वाक्य तुम्हाला पूर्ण करता येतंय का? ‘कारण’नंतर जाहिरातीत डोळ्यांना दिसणारी गोष्ट आली पाहिजे. मत आलं तर पुन्हा जाहिरातीकडे बघा.

## २. पुरावा त्याच दिवशी गोळा करा

होर्डिंगचा फ्लेक्स एका रात्रीत बदलतो, स्टोरी चोवीस तासांत जाते. उद्या सवडीने फोटो काढू म्हणणाऱ्याच्या हाती उद्या बहुधा बांधकाम प्रकल्पाची जाहिरात लागते.

होर्डिंग असेल तर तीन फोटो लागतात. पहिला लांबून, ज्यात आजूबाजूची ओळखीची खूण दिसेल: मेट्रोचा खांब, दुकानाची पाटी, चौकाचं नाव. दुसरा पूर्ण जाहिरातीचा, शक्यतो समोरून. तिसरा खालच्या पट्टीचा, जिथे एजन्सीचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. क्रमांक दिसत नसेल तर ‘दिसत नाही’ हेही लिहून ठेवा, महापालिकेकडच्या अर्जात ते कामाला येतं. फोटो काढताना फोनचं लोकेशन सुरू असू द्या.

मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि त्यासोबतची वेळ-ठिकाणाची माहिती गळून पडते. स्वतःलाच ईमेल करा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वर्तमानपत्र असेल तर कात्रण पुरेसं नाही. पूर्ण पान ठेवा, कारण तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक वरच्या पट्टीत असतात. पुणे आवृत्तीतली जाहिरात इतर आवृत्त्यांत असेलच असं नाही.

टीव्ही असेल तर वाहिनीचं नाव, तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, कोणत्या कार्यक्रमाच्या मधल्या विश्रांतीत दिसली, आणि केबल की डीटीएच. जमलं तर मोबाईलने पडद्याचं चित्रीकरण करा, घड्याळ चौकटीत येईल असं.

इन्स्टाग्राम, फेसबुक असेल तर स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव, तारीख आणि ‘प्रायोजित’ किंवा ‘सशुल्क भागीदारी’ अशी खूण आली पाहिजे. पोस्टची लिंक वेगळी कॉपी करा. पैसे भरून चालवलेली जाहिरात असेल तर मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत कंपनीचं नाव टाकून ती शोधा. प्रत्येक जाहिरातीला तिथे ओळख क्रमांक असतो. अशा व्यापारी जाहिराती चालू असेपर्यंतच तिथे दिसतात, म्हणून क्रमांक लगेच उतरवून घ्या. रील असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा. मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर या भागांतल्या बऱ्याच ‘ऑफर’ फक्त आवाजात असतात, मथळ्यात त्यांचा मागमूस नसतो.

> सावधान: फोटोसाठी खाजगी गच्चीवर, होर्डिंगच्या सांगाड्यावर किंवा पबच्या आत शिरू नका. खडकी आणि कॅम्प भागात लष्करी आस्थापनांच्या आसपास कॅमेरा काढण्याआधी दहादा विचार करा. दुकानदाराशी हुज्जतही घालू नका. हुज्जत घातली की तासाभरात फलक खाली उतरतो आणि पुरावाही.

## ३. ती ‘दुसरी वस्तू’ बाजारात खरंच मिळते का?

सरोगेट तक्रारीचा कणा हाच, आणि हे काम घरबसल्या होत नाही. सोड्याची जाहिरात असेल तर सोडा विकत घ्यायला निघा. घराजवळचं किराणा दुकान, एखादं मोठं सुपरमार्केट, स्टेशनजवळचं थंड पेयांचं दुकान आणि दोन-तीन ऑनलाइन किराणा अ‍ॅप, एवढं पाहा. पेठांत मिळत नाही म्हणून हडपसरला मिळत नसेल असं धरू नका.

मिळाला तर बिल घ्या आणि लेबलचा फोटो काढा: उत्पादकाचं नाव-पत्ता, किंमत, बॅच, उत्पादनाची तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक. नाही मिळाला तर दुकानाचं नाव, तारीख आणि मिळालेलं उत्तर अशी साधी यादी करा.

याला वजन का, ते पाहा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या नियम ७(२)(आठ) नुसार दारू, सिगारेट, तंबाखू यांची थेट किंवा आडून जाहिरात चालत नाही. दारूशी समान नावाच्या दुसऱ्या वस्तूला २००९ च्या दुरुस्तीने वाट दिली, पण काटेरी. दृश्यात फक्त तीच वस्तू दिसली पाहिजे; दारूचा थेट किंवा अप्रत्यक्ष उल्लेख नको; दारूला चालना देणारे सूचक शब्द नकोत; दारूच्या जाहिरातीशी जोडलेले रंग, मांडणी नको; तसले प्रसंगही नकोत. शिवाय वस्तू वाजवी प्रमाणात वितरित होते, तशा वस्तू जिथे मिळतात त्यांतल्या भरपूर दुकानांत ती मिळते आणि जाहिरातीचा खर्च तिच्या विक्रीच्या मानाने अवाजवी नाही, असं सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र लागतं. त्यावर चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र वेगळंच.

जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था, म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, जिला सगळे ‘आस्की’ म्हणतात, तिचेही निकष आहेत. दोन वर्षांहून जुन्या ब्रँड-विस्ताराची, म्हणजे दारूच्याच नावाने काढलेल्या दुसऱ्या वस्तूची, विक्री देशभरात वर्षाला ५ कोटी रुपयांहून जास्त, किंवा ज्या राज्यात वितरण आहे तिथे १ कोटीहून जास्त, हा त्यांतला एक. तुमच्या दुकानांच्या यादीने हे आकडे सिद्ध होत नाहीत. कंपनीने कागद दाखवावेत एवढी शंका मात्र त्यातून उभी राहते, आणि तुमचं काम तेवढंच आहे.

वस्तू सहज मिळाली तर तक्रार संपली का? नाही. वस्तू खरी असली तरी मांडणी दारूची असू शकते. अर्जाचा भर तेवढा बदला.

## ४. पत्ता ठरवा

पत्ता ठरतो माध्यमावरून. होर्डिंग असेल तर जमिनीवरूनही.

सरोगेट जाहिरात, कोणतंही माध्यम: आस्की आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. आस्कीकडे संकेतस्थळावरून तक्रार करता येते, ग्राहकाला शुल्क नाही, आणि ग्राहकाचं नाव जाहिरातदाराला कळवलं जात नाही. निनावी तक्रार मात्र चालत नाही. आस्की दंड करू शकत नाही, पण जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगते, आणि बरेचसे जाहिरातदार ऐकतात. दंडाचा अधिकार प्राधिकरणाकडे: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ खाली १० लाखांपर्यंत, पुन्हा तीच चूक केली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीवर पहिल्यांदा एक वर्षापर्यंत आणि नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी येऊ शकते.

दिल्लीला लिहिणं अवघड वाटत असेल तर याच कायद्याचं कलम १७ वाचा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. पुण्यातल्या फार थोड्या लोकांना हे माहीत आहे. अर्जावर कलमाचा उल्लेख नसला तर टपाल शाखेतही गोंधळ उडतो. तेव्हा विषयाच्या ओळीतच ‘ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम १७ अन्वये तक्रार’ असं लिहा.

उघड जाहिरात: अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क, पुणे. फलक परवानाधारकाचा असेल तर परवान्याचा प्रकार (वाईन शॉप, बिअर शॉपी, परमिट रूम) लिहा. दुकानात तो दर्शनी लावलेला असतो.

टीव्ही: आधी वाहिनीकडे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वाहिनीने चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्यानंतर वरची पायरी.

वर्तमानपत्र: आधी संपादकांना पत्र, मग भारतीय प्रेस परिषद. दैनिक आणि साप्ताहिकाबाबत मुदत प्रकाशनापासून दोन महिन्यांची आहे. संपादकांच्या उत्तराची वाट बघत ही मुदत घालवलेले अर्ज मी पुष्कळ पाहिलेत.

होर्डिंगचा सांगाडा आणि परवाना: इथे हद्द बघा. पुणे महापालिकेत आकाशचिन्ह व परवाना विभाग. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी. पुणे, खडकी आणि देहूरोड कॅन्टोन्मेंटची हद्द वेगळी. कॅम्पातल्या एखाद्या रस्त्याच्या दोन बाजूही दोन हद्दींत असू शकतात. रेल्वेच्या जमिनीवरचं होर्डिंग असेल तर रेल्वे, बसवर असेल तर पीएमपीएमएल, स्थानकात असेल तर महामेट्रो. आणि हे लक्षात असू द्या: महापालिका परवाना आणि आकार तपासते, जाहिरात सरोगेट आहे की नाही हा निवाडा तिच्याकडे मागू नका.

> नेहमीची चूक: थेट जिल्हा ग्राहक आयोगात जाणं. तुम्ही काही विकत घेऊन तुमचं नुकसान झालं असेल तर आयोग. रस्त्यावरची जाहिरात खटकली म्हणून आयोग नाही.

## ५. अर्ज लिहा, निबंध नको

एक पान. फार तर दीड. दारूने घरं कशी उद्ध्वस्त होतात हे वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही ठाऊक आहे. त्याला हवंय ते नियमाचं बोट आणि जाहिरातीतली जागा. शाळा, मंदिर जवळ आहे हेही एका ओळीत पुरे, कारण सरोगेट ठरवताना अंतर मोजत नाहीत.

मजकूर साधारण असा (जाहिरात काल्पनिक आहे):

*‘दि. … रोजी सकाळी साडेआठ वाजता, नळस्टॉपकडून कर्वे पुतळ्याकडे जाताना डाव्या बाजूच्या होर्डिंगवर … या नावाच्या सोड्याची जाहिरात दिसली (फोटो १, २). जाहिरातीच्या मध्यभागी आखूड, जाड बुडाचा काचेचा ग्लास, बर्फ आणि सोनेरी-तपकिरी पेय आहे. सोडा रंगहीन असतो. सोड्याची बाटली उजवीकडे खालच्या कोपऱ्यात आहे. पार्श्वभूमीचा गडद निळा रंग, सोनेरी पट्टी आणि ढालीचं चिन्ह याच नावाच्या व्हिस्कीच्या लेबलवर जसंच्या तसं आहे (फोटो ३). दि. … ते … या काळात सोबतच्या यादीतल्या दुकानांत हा सोडा मिळाला नाही. ही जाहिरात २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील तत्त्व ६ चा भंग करते असे माझे म्हणणे आहे.’*

त्याखाली मागण्या, क्रमांक घालून: जाहिरात थांबवावी, कंपनीकडून विक्री आणि वितरणाचे कागद मागवावेत, निर्णय मला लेखी कळवावा. ‘कडक कारवाई करावी’ ही मागणी नव्हे, तिला कोणी उत्तर देऊ शकत नाही.

‘माझे म्हणणे आहे’ हे शब्द मुद्दाम आहेत. निर्णय लागेपर्यंत अर्जात किंवा समाजमाध्यमावर ‘बेकायदा कंपनी’, ‘हप्ते घेतले’ असलं काही लिहू नका. मानहानीची नोटीस आली की मूळ तक्रार बाजूला पडते.

> तपासा: अर्जातलं प्रत्येक विधान कोणत्या ना कोणत्या फोटोला, बिलाला किंवा यादीला जोडलेलं आहे का? प्रत्येक फोटोमागे क्रमांक, तारीख, ठिकाण आहे का?

## ६. दाखल करण्याचा क्रम

आस्की आणि प्राधिकरण, दोन्ही एकाच दिवशी. ऑनलाइन भरताना शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. तक्रार क्रमांकाचा ईमेल कधीकधी स्पॅममध्ये जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक माहिती विचारायला चांगला आहे, पण फोनवर सांगून झालं म्हणजे लेखी तक्रार झाली असं समजू नका.

स्थानिक अर्ज त्यानंतर एक-दोन दिवसांत, हाताने. जिल्हाधिकारी कार्यालय असो की महापालिका, दोन संच न्या. एक टपाल शाखेत द्या, दुसऱ्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘साहेब जागेवर नाहीत, उद्या या’ असं ऐकलंत तर शांतपणे सांगा की साहेबांना भेटायचं नाही, आवक करायची आहे. टपाल घ्यायला साहेब लागत नाहीत. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर जाऊ नका. महापालिकेसाठी पीएमसी केअर या तिच्या ऑनलाइन तक्रार सेवेवरही नोंद करा, पण त्यावर ‘तक्रार बंद’ असा शेरा झटकन येतो, म्हणून शिक्क्याची प्रत हवीच.

एकच मजकूर पाच ठिकाणी चिकटवू नका. उत्पादन शुल्ककडे कलम २४, महापालिकेकडे परवाना क्रमांक, प्राधिकरणाकडे तत्त्व ६, असं ज्याचं त्याला. आणि खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून मुख्यमंत्र्यांपासून पोलीस आयुक्तांपर्यंत बारा नावं लिहिण्याची सवय सोडा. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल.

## ७. पाठपुरावा

महिन्याभरात काही हललं नाही तर स्मरणपत्र, त्यात जुना आवक क्रमांक. त्यानंतर माहितीचा अधिकार. राज्य सरकारच्या किंवा महापालिकेच्या कार्यालयासाठी १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत असावा लागतो. लांबण लावली तर त्यावरूनच अर्ज अडतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर देणं माहिती अधिकारात बसत नाही, असं सांगून सुटका करून घेता येते. कागद मागा: ‘आवक क्रमांक … च्या अर्जावरील टिपणीच्या प्रती’, ‘सदर होर्डिंगच्या परवान्याची अटींसह प्रत’, ‘परवानाधारकास पाठवलेल्या पत्रांच्या प्रती’. परवान्याच्या अटी हातात आल्या की पुढच्या अर्जाला धार येते, कारण मग तुम्ही खात्याच्याच कागदावर बोट ठेवता.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, २० रुपयांचा स्टँप लावून. आस्की ही खासगी संस्था आहे, तिला माहितीचा अधिकार लागू नाही; तिच्याकडचा निर्णय ईमेलनेच येईल.

आणि मधल्या काळात आठवड्यातून एकदा त्याच चौकातून जाताना पुन्हा फोटो काढा. जाहिरात उतरली असेल तर तारीख नोंदवा. फक्त ग्लासातल्या पेयाचा रंग बदलून तीच जाहिरात परत लावली असेल, तर ती नवी तक्रार आहे. तिचा पुरावा नव्याने, पायरी दोनपासून.